दारावरची पाटी, बेसनाचे लाडू आणि बाबांच्या बाटल्या

परदेशात राहताना रोजच्या व्यवहारात कुठले गमतीदार घोटाळे झाले असं विचारलंय तुम्ही. आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला असतो आणि आमच्याकडचे सगळ्यात भारी किस्से आईबाबा उन्हाळ्यात राहायला आले होते तेव्हाचेच आहेत.

इकडे केअरवोखं म्हणून एक प्रकार असतो. बिल्डिंगमधल्या प्रत्येक बिऱ्हाडाने आळीपाळीने आठवडाभर जिना-पॅसेज झाडून पुसून घ्यायचा, आणि ज्याचा आठवडा संपला तो पुढच्याच्या दाराला एक पाटी अडकवून जातो. बेल वाजवणं नाही, काही सांगणं नाही, पाटी दिसली की समजून घ्यायचं. फार जुनी पद्धत आहे, शहर स्वच्छ ठेवायचा नियम इथे १४९२ पासूनचा, आणि शहराने सक्ती कधीच काढून टाकली तरी भाड्याच्या करारात ही गोष्ट अजून असतेच.

तर आम्ही दोघं ऑफिसला गेलेलो आणि आईने दार उघडलं तर हँडलला मस्त लाकडी पाटी, त्यावर झाडू रंगवलेला. तिला वाटलं खालच्या आजींनी पाहुण्यांना भेट दिली. तिने ती पुसली, हळदकुंकू लावून देवघराशेजारी ठेवली, आणि कुणी काही दिलं तर आपण नुसतं कसं राहायचं म्हणून बेसनाचे लाडू वळून बाबांच्या हाती खाली पाठवले. आम्हाला रात्री कळलं ते फक्त लाडवांचं. शनिवार संध्याकाळ झाली, जिना तसाच, आणि आजी वर आल्या, हातात आमचाच डबा, त्यात चेरी भरलेल्या, चेहऱ्यावर काळजी. घरात कोणी आजारी आहे का म्हणे, कारण त्यांना वाटलं जिना पुसायला जमणार नाही म्हणून लाडू पाठवलेत! तेवढ्यात त्यांना देवघराजवळची कुंकू लावलेली पाटी दिसली आणि त्या हसत हसत खुर्चीतच बसल्या. आईला सगळं सांगितल्यावर तिने पदर खोचला आणि जिना असा लख्ख केला की दुसऱ्या मजल्यावरचे लोक कोण पाहुणे आलेत ते बघायला बाहेर आले.

बाबांचं वेगळंच. आपल्याकडे पाण्याच्या बाटलीवर छापलेलंच असतं, वापरून झाली की चुरगळून टाका, आणि बाबा ते मनापासून पाळतात. इथे एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट डिपॉझिट घेतात, रिकामी बाटली सुपरमार्केटच्या मशीनमध्ये घातली की पावती येते, ती काउंटरवर दाखवली की पैसे परत. पण मशीनला बाटलीचा आकार आणि लेबलवरची खूण नीट दिसावी लागते. बाबांनी आठवडाभराच्या बाटल्या पायाखाली चेपून पिशवी भरून नेल्या आणि मशीन एकेक बाटली परत ढकलतंय. मागे रांग. मग बाबा बाजूला उभे राहून बाटल्यांत फुंकर मारून त्या फुगवायला लागले, ते बघून मागचा एक कॉलेजचा पोरगा बिअरचा क्रेट खाली ठेवून त्यांच्यासोबत फुंकायला लागला, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण बाटल्या सगळ्या गेल्या मशीनमध्ये. (एक कामाची गोष्ट, मशीनने नाकारली तरी लेबल शाबूत असेल तर काउंटरवर दाखवा, घेतात.)

अजून एक राहिलंच. आजींचा वाढदिवस आईबाबांच्या फ्लाइटनंतर दोन दिवसांनी होता, म्हणून निघताना आईने त्यांना आधीच शुभेच्छा दिल्या आणि आजी एकदम दचकून नको नको करायला लागल्या. इथे वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अशुभ मानतात. आईला ते फार लागलं. मग पुण्याला पोचल्यावर त्या दिवशी तिने पहाटेच मला फोन केला, तुमच्याकडे बारा वाजून गेले ना रे, नक्की ना, आणि मी झोपेत हो म्हटल्यावर आजी उठायची वेळ होईपर्यंत मोबाइल हातात घेऊन बसून राहिली.