शेंगावर्गीय वेलीतलं प्रथिन सूक्ष्म यंत्रात झडप म्हणून चालेल का?

हो, आणि मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती म्हणजे त्याला इंधन लागत नाही.

ठाण्यात जांभळी नाक्यावर आपण वाल, घेवडा घेतो, त्याच शेंगावर्गीय कुळातल्या वनस्पतींच्या रसवाहिन्यांत 'फोरिसोम' नावाचे चातीसारखे प्रथिनांचे पुंजके असतात. बाकल्यातला (ब्रॉड बीन) फोरिसोम साधारण ३० मायक्रोमीटर लांब असतो. देठ चिरला की पेशीत कॅल्शियम शिरतं, फोरिसोम सेकंदाच्या आत आखूड होऊन फुगतो आणि साखरेचा रस वाहून जाऊ नये म्हणून नळी बुजवतो. कॅल्शियम ओसरलं की पुन्हा सडपातळ! आपल्या स्नायूंना आकुंचनासाठी एटीपी, म्हणजे पेशींचं रासायनिक इंधन, जाळावं लागतं, याला नाही.

पेशीबाहेर काढूनही तो असाच वागतो, हे २००३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल क्नोब्लाउख आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणूनच केसाएवढ्या नळ्यांच्या चिपमध्ये द्रव अडवायला-सोडायला तो योग्य वाटतो. आम्लता बदलूनही त्याला हलवता येतं.

अडचण पुरवठ्याची. झाडातून एकेक वेचणं फार किचकट आहे. पण त्याची जनुकं यीस्टमध्ये घालून कृत्रिम फोरिसोम तयार झालेत, आणि माझी खरी आशा तिथेच आहे.