मॅडम, माझा हात का उठला नाही?

मी समुपदेशनाचे काम करते. सुरक्षा रक्षक, एसटीचे वाहक, रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर बसणारे कर्मचारी, टोलनाक्यावरची तरुण मुले, अशा दिवसभर अनोळखी माणसांना तोंड देणाऱ्या लोकांनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला आहे. लोक अंगावर येतात, आईबहिणीवरून शिव्या देतात, एखादा हातही टाकतो, आणि आम्ही मुकाट्याने ऐकून घेतो. मग आमच्यातच काही कमी आहे का? या प्रश्नाला मी एका रक्षकाची हकीकत सांगून उत्तर देणार आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. नाव देत नाही. ज्या गेटवर ते चार वर्षे उभे होते तिथेही ते फारसे कोणाला ठाऊक नव्हते. एरवी ते 'काका' असत, आणि गाडी अडवावी लागली की 'ए वॉचमन'.

आधी आल्या त्या त्यांच्या पत्नी. चार घरी पोळ्या करून त्या थेट माझ्याकडे आल्या होत्या, आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "ताई, माणूस पीत नाही, मारत नाही, पण आता घरात आला की लेकरं गप्प होतात." पाच आठवड्यांपासून हे चालले होते. रात्रपाळीहून आल्यावर दिवसा झोप लागत नव्हती, शेजारच्या कुकरच्या शिट्टीनेही ते दचकून उठत, आणि गेल्या मंगळवारी मुलगा मोबाइल पाहून मोठ्याने हसला तेव्हा त्यांनी त्याच्यावर हात उगारला होता. वड्याचे तेल वांग्यावर निघते आहे हे त्या माउलीला कळत होते. वडा कोणता, तेवढे कळत नव्हते.

पुढच्या शनिवारी ते स्वतः आले. वय अठ्ठेचाळीस, लातूरकडची दोन एकर कोरडवाहू जमीन भावाकडे सोपवून पुण्यात आलेले, बारा तासांची पाळी, रिलीव्हर आला नाही तर चोवीस तासांची. खुर्चीच्या अगदी कडेवर, दाराकडे तोंड करून आणि टोपी मांडीवर ठेवून ते बसले. मी नाव विचारले तेव्हा त्यांनी आधी साइटचे नाव सांगितले, मग एजन्सीचे, आणि मग स्वतःचे.

घटना अशी होती. रात्री सव्वाअकराच्या सुमारास पाहुण्यांची एक गाडी सोसायटीच्या गेटवर आली. फ्लॅटधारकाला विचारल्याशिवाय पाहुण्याला सोडायचे नाही, असा सोसायटीचाच लेखी नियम, आणि फ्लॅटधारक इंटरकॉम उचलत नव्हता. दोन मिनिटांनी चालवणारा गृहस्थ खाली उतरला, केबिनच्या दारात आला, 'तुला माहीत आहे का मी कोण आहे' इथून सुरुवात करून शिव्यांवर आला आणि त्याने यांच्या कानशिलात लगावली. टोपी उडून बाहेर पाइपच्या पाण्यात पडली. कुत्र्याला फिरवून परतणारे दोन रहिवासी चार पावलांवर उभे होते. त्यांच्यातला एक म्हणाला, "जाऊ द्या काका, विषय वाढवू नका." तेवढ्यात फ्लॅटमधून होकार आला, आडवी दांडी वर गेली, गाडी आत गेली. सकाळी सुपरवायझरने ऐकून घेतले आणि सल्ला दिला, की पार्टीला नाराज करू नकोस, नाहीतर साइट हातची जाईल.

हे सांगून झाल्यावर त्यांनी तो प्रश्न विचारला. "मॅडम, गावाकडे मी नांगर धरलाय, उसाच्या मोळ्या वाहिल्यात. माझा हात का उठला नाही?"

इथे मी चूक केली. आमच्या क्षेत्रात एक तयार वाक्य आहे आणि थकलेल्या शनिवारी ते तोंडातून निघून जाते. मी म्हणाले, की तो अपमान तुमचा नव्हता, तुमच्या गणवेशाचा होता, तो व्यक्तिशः घेऊ नका. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, गाल गणवेशाचा नव्हता." त्यानंतर मी ते वाक्य कोणालाही सांगितलेले नाही. त्या वाक्यात अर्धे सत्य आहे, हे खरे. त्या गृहस्थाला ज्याच्यावर रागवायचे होते तो फोन उचलत नव्हता, गाडीत बायकामुलांसमोर दारात ताटकळण्याची लाज होती, आणि जो उलट बोलणार नाही याची खात्री होती असा एकच माणूस समोर उभा होता. पण मार ज्याला बसतो त्याच्या शरीराला ही कारणे ठाऊक नसतात. त्याचे हृदय धडधडते, हातापायांत कंप सुटतो, पळण्याची किंवा उलट मारण्याची सगळी तयारी होते, आणि त्यातले काहीच न करता त्याला गेटवर आणखी सात तास उभे राहावे लागते. ती तयारी मग घरी येते.

दुसऱ्या भेटीत मी अर्थ लावणे सोडून दिले आणि फक्त क्रम विचारला. गाडी कुठे थांबली, दिवा कुठला चालू होता, तुम्ही बसला होता की उभे, डावा हात कुठे होता, उजवा कुठे होता. मनाला लागलेला प्रसंग आठवताना माणूस पुन्हा पुन्हा त्याच एका क्षणावर जाऊन आदळतो आणि आजूबाजूचे सगळे निसटते. म्हणून संथपणे, आधीच्या पाच मिनिटांपासून नंतरच्या पाच मिनिटांपर्यंत जावे लागते. डावा हात रजिस्टरवर होता, गाडीचा नंबर लिहिता लिहिता थांबलेला. उजव्या हाताशी आल्यावर ते थबकले. त्यांनी आपला पंजा कानाशी नेला आणि तसाच धरला.

"रिसीव्हर होता," ते म्हणाले. "पाचव्यांदा रिंग देत होतो. त्याच्याच फ्लॅटला."

बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. जो मारत होता त्यालाच आत घेण्यासाठी त्यांचा उजवा हात काम करत होता, आणि चपराक बसल्यावरही रिसीव्हर सुटला नव्हता, म्हणून तर फ्लॅटधारकाचा आवाज त्यांना ऐकू आला. यावर त्यांना लगेच हायसे वाटले असे मी लिहिले तर ते खोटे होईल. ते म्हणाले, "म्हणजे मी येडाच." मी म्हणाले, की येडेपणा आणि नेमून दिलेले काम शेवटपर्यंत करणे यांतला फरक आपण पुढच्या शनिवारी पाहू. भेकड माणूस आधी हातातले काम टाकतो, एवढे मात्र त्यांच्या डोक्यात त्या दिवशी बसले असावे, कारण जाताना त्यांनी टोपी घातली. आले होते तेव्हा ती हातात होती.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी विमानातील सेविकांचा अभ्यास करून १९८३ मध्ये 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. काही नोकऱ्यांमध्ये चेहऱ्यावरचे हसू आणि गिळलेला राग हासुद्धा पगारातून विकत घेतलेला कामाचा भाग असतो, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे यासाठी 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' हा वाक्प्रचार फार आधीपासून आहे, पण त्यात मार खाणारा केवळ दुबळा दिसतो. राग गिळणे हे श्रम आहेत आणि ते करून माणूस पोती उचलल्यासारखा थकतो, ही बाजू त्यात येत नाही. रक्षकाला हे श्रम कोणी शिकवीतही नाही. खाजगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याखालील केंद्राच्या आदर्श नियमांत रक्षकाला किमान १०० तासांचे वर्गातील आणि ६० तासांचे प्रत्यक्ष जागेवरचे प्रशिक्षण असावे असे म्हटले आहे. माझ्यासमोर बसलेल्या गृहस्थांना मिळाले होते अर्ध्या दिवसाचे: सलाम कसा ठोकायचा, रजिस्टर कसे भरायचे आणि आग विझवण्याच्या नळकांड्याची पिन कशी काढायची.

तेव्हा उरलेले थोडेसे आम्ही तिथेच शिकलो. 'नियम आहे साहेब' हे वाक्य चिडलेल्या माणसाला आणखी चिडवते, असे त्यांनीच अनुभवावरून सांगितले. त्याऐवजी 'तुमच्यासाठीच फोन लावतोय, उचलला की दांडी वर' हे वाक्य त्यांच्या तोंडी बसेपर्यंत आम्ही खुर्च्यांचे गेट करून म्हटले. (पाहुण्याची भूमिका मी केली, माझ्या शिव्या फारच सौम्य पडतात असे त्यांचे मत पडले, आणि त्या रात्रीनंतर ते पहिल्यांदा हसले.) समोरचा गाडीतून उतरला की केबिनच्या चौकटीत न राहता बाहेर मोकळ्यावर यायचे, दोन हात अंतर ठेवायचे, तळवे उघडे ठेवायचे, आणि तो ओरडत असताना श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश सोडायचा. पाळी संपल्यावर गणवेशाचा शर्ट केबिनमध्येच बदलायचा, कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घ्यायचा आणि मगच घरी जायचे. पत्नीलाही मी सांगितले, की दारातच 'आज काय झालं' असे विचारू नका, आधी पाणी द्या. त्या म्हणाल्या, "पाणी तर देतेच की." खरे होते, सल्ला देणाऱ्याला कधी कधी असे जमिनीवर यावे लागते. मुलाशी मात्र त्यांनी आपणहून बोलायचे ठरवले आणि बोललेही. काय बोलले ते मी विचारले नाही.

दचकणे, झोप नसणे आणि तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत राहणे हे महिनाभराहून अधिक चालले तर केवळ समुपदेशनावर अवलंबून राहू नये, म्हणून मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवले. त्यांनी झोपेसाठी थोड्या दिवसांचे औषध दिले. ज्यांना माझ्यासारख्यांपर्यंत पोहोचणे शक्य नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा सरकारी क्रमांक आहे; तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

पोलिसांत जावे का, हा प्रश्न तिसऱ्या भेटीत आला. यात मी मत देत नाही, माहिती देते. एसटीच्या वाहकावर हात टाकला तर तो लोकसेवक असल्यामुळे सरकारी कामात अडथळा आणल्याचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ चा गुन्हा लागू शकतो. खाजगी एजन्सीचा रक्षक लोकसेवक नाही, त्यामुळे त्याच चपराकीला त्याच्या बाबतीत साध्या दुखापतीचे कलम ११५(२) आणि अपमानाचे कलम ३५२ लागते. दोन्ही अदखलपात्र. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली जाते, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. एकाच शहरातल्या दोन गालांची किंमत कायद्याने वेगळी ठरते, याचा मला राग येतो. पण एनसी निरुपयोगी नसते. पुढे तोच माणूस पुन्हा आला तर आधीची नोंद कामी येते, आणि नोंद करताना माणसाला आपली हकीकत एकदा तरी सरळ, तारखेवार सांगावी लागते. कॅमेऱ्याचे चित्रण मात्र लगेच मागावे, कारण यंत्रातले जुने चित्रण काही आठवड्यांत आपोआप पुसले जाते. यांचे पुसले गेलेच होते.

ते ठाण्यात गेले नाहीत. दोन ओळींचा अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून सोसायटीच्या सचिवांना दिला: अमुक तारखेला, अमुक नंबरच्या गाडीतून आलेल्या व्यक्तीने मला मारले, मी तेव्हा नियमाप्रमाणे इंटरकॉम करत होतो. 'मी इंटरकॉम करत होतो' याखाली त्यांनी पट्टीने रेघ मारली होती. समितीने सूचनाफलकावर एक कागद लावला, की रक्षकांशी गैरवर्तन करणाऱ्या पाहुण्यांची जबाबदारी फ्लॅटधारकाची राहील. मारणारा कधीच आला नाही. फ्लॅटधारक पेढ्यांचा पुडा घेऊन आला. यांनी तो केबिनच्या टेबलावर ठेवून घेतला आणि सकाळी सफाईच्या बायकांना दिला.

मला स्वतःला या सगळ्यात वेगळीच गोष्ट मोठी वाटते. सहा भेटींत त्यांनी मारणाऱ्याचे वर्णन एकदाच केले, पण 'विषय वाढवू नका' म्हणणाऱ्याचे चार वेळा. त्या माणसाच्या कुत्र्याला ते रोज रात्री बिस्कीट देत असत. परका मारतो तेव्हा लागते, पण ज्याच्यासाठी आपण रात्र जागतो तो बघत राहिला की चार वर्षांच्या नोकरीचा हिशेबच चुकतो. अशा वेळी मारणाऱ्याशी भांडण्याची गरज नसते. जवळ जाऊन रक्षकाच्या शेजारी उभे राहणे आणि 'काय झालं काका?' असे त्याला, मारणाऱ्याला नव्हे, विचारणे एवढे पुरते. या रक्षकाला हे कोणी विचारले नाही, आणि नंतरही तो रहिवासी त्याविषयी काही बोलला नाही. कुत्रा मात्र येत राहिला.

सहाव्या भेटीनंतर त्यांनी एजन्सीकडे साइट बदलून मागितली. माझ्या एका सहकाऱ्याने याला टाळणे म्हटले. ज्या जागेची भीती बसली तिथेच उभे राहून ती जायला हवी होती, असे त्याचे मत. पुस्तकाप्रमाणे ते बरोबर असेल. पण ते तोवर दोन महिन्यांहून अधिक काळ त्याच गेटवर उभे राहिले होते, झोप परत आली होती, मुलगा पुन्हा घरात मोठ्याने हसत होता, आणि जायचे की राहायचे हे या खेपेला सुपरवायझरने नव्हे, त्यांनी ठरवले होते. दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला. शहराबाहेरच्या एका गोदामावर ड्युटी लागली आहे, ट्रकवालेच येतात, पाहुणे येत नाहीत. इथे इंटरकॉम नाही मॅडम, त्यांनी आपणहून सांगितले, नुसती एक घंटा आहे.