सातारा जिल्ह्यातल्या पाटण भागात घरकुल बांधताना आधी भिंती पक्क्या कराव्यात, की निर्धूर चूल बसवावी?

दोन्ही कामे एकाच बांधकामात उरकावीत. मात्र पैसे अपुरे पडत असतील, तर आधी भिंती. याच भागात 11 डिसेंबर 1967 ला झालेल्या कोयना भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती मोठ्या प्रमाणावर कोसळल्या, कारण हादऱ्याने अशा भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांपासून सुटतात; म्हणून दारे-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना सलग बांधणारा, सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा अवश्य घ्यावा. चुलीचे धुराडे छपराच्या वर काढल्यास स्वयंपाक करणाऱ्या बाईचा आणि तिच्याजवळ बसणाऱ्या लेकरांचा खोकला, डोळ्यांची चुरचुर कमी होते. परंतु पाटणच्या पावसात सरपण ओले राहिले किंवा धुराड्यातली काजळी काढली नाही, तर निर्धूर चूलही धुमसतेच. निदान पावसाळ्यापुरता गॅस ठेवावा, अर्थात सिलिंडर परवडत असेल तर.