‘त्यांचा हिस्सा मीच घेते’

प्रश्न: कोथरूडचा फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर आहे. संमतीने घटस्फोट घेतोय. लेक सातवीत आहे, शाळा जवळ, म्हणून घर मला हवंय. बाजारभाव ९० लाख, कर्ज बाकी ३४ लाख. मिस्टर पैसे घेऊन हिस्सा सोडायला तयार आहेत. ओळखीचे एकजण म्हणाले, हक्कसोडपत्र दोनशे रुपयांत होतं. करून टाकू का?

उत्तर: ताई, थांबा. दोनशेवालं (ऑक्टोबर २०२४ पासून पाचशे) हक्कसोडपत्र वडिलोपार्जित मिळकतीचं, तेही घरच्या माणसासाठी विनामोबदला सोडलेल्या हिश्श्याचं. तुम्ही मोबदला देणार, म्हणजे त्यांच्या अर्ध्या हिश्श्यावर खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क लागणार. पुण्यात ते साधारण सात टक्के, म्हणजे ४५ लाखांवर ३ लाख १५ हजार, वर नोंदणी फी ३० हजार. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला दर जास्त निघाला तर शुल्क त्यावर. पैसे देऊनही ‘विनामोबदला’ लिहायला कुणी सुचवलं तर मुळीच ऐकू नका. उद्या वाद झाला की तुमचाच दस्त तुमच्याविरुद्ध बोलेल.

पण खरी अडचण बँकेची आहे. नव्वदमधून चौतीस गेले, उरले ५६. त्यातले २८ लाख त्यांचे. ते आणि जुनं कर्ज मिळून ६२ लाख तुमच्या एकटीच्या अंगावर येतात. एवढं कर्ज फक्त तुमच्या पगारावर मिळतं का, ते आधी बघा. कोर्टात काहीही ठरलं तरी बँक तिच्या करारातून कुणाला आपोआप मोकळं करत नाही. मिस्टरांचं नाव कर्जावर राहिलं आणि तुमचा एक हप्ता चुकला तर सिबिल दोघांचंही खराब, आणि भांडण पुन्हा सुरू. बँक नाही म्हणाली तर दुसरीकडे कर्ज वळवता येतं का विचारा. मंजुरीपत्र हातात आल्यावरच शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात द्यायच्या कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांच्या संमतीच्या लेखी अटी, पक्क्या करा.

त्यात फ्लॅट नंबर, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, रक्कम, दस्ताची तारीख आणि तोवरचे हप्ते कोण भरणार, सगळं लिहून घ्या. पोटगी यातच वळती करणार असाल तर तो आकडा वेगळा दाखवा. २८ लाख आगाऊ देऊ नका. दुय्यम निबंधकांसमोर सही-अंगठा झाला की तिथेच डीडी द्या.

मग इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा उतारा) घेऊन सोसायटीत भाग प्रमाणपत्रावरचं (शेअर सर्टिफिकेट) नाव बदला. मिळकतकर आणि वीजमीटर त्यानंतर. बँकेत मात्र याच आठवड्यात जा.