तुसडा म्हणजे नेमका कसा माणूस? माणूसघाणा आणि तुसडा एकच का?

नाही, एक नाही. माणूसघाण्याला माणसंच नकोशी असतात. तो कुणाकडे जात नाही, दार लावून बसतो, आणि त्याचा त्रास बहुतेक त्याच्यापुरताच राहतो. तुसडा चारचौघांत असतो, पण तुम्ही जवळ गेलात की 'ही कशाला आली आता' हे त्याच्या बोलण्यातून टोचतं.

टोचतं हे मुद्दाम म्हणतेय. आमच्याकडे इंदूरला वर्षाचा गहू भरतात. आई तो चाळायला बसली की तूस उडून मानेला लागायचं. दिसायचं काही नाही, पण संध्याकाळपर्यंत चुरचुरायचं. 'तुसडा' ऐकलं की मला तेच आठवतं.

मी आठवीत असेन. रामबागेत संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आईनं पाठवलं होतं. एका काकूंनी जाळीचं दार उघडलंच नाही. आतूनच, "काय गं?" मी निरोप सांगितला. "बघू." आणि आतलंही दार लागलं. आवाज चढला नाही, वाईट शब्द एकही नाही, तरी जिना उतरताना माझे डोळे भरून आले. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "तुसडीच आहे ती जरा." मला तो शब्द त्या दिवशी कळला.

वापर सोपा आहे: तुसडा मुलगा, तुसडी बाई, तुसडा स्वभाव, आणि सगळ्यात जास्त 'तुसडेपणानं बोलणं' किंवा 'वागणं'. फटकळ माणसाला मात्र तुसडा म्हणू नका. तो तोंडावर सुनावतो, पण चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. तिरसट चटकन चिडतो, शिष्ट स्वतःला वरचा समजतो. हिंदीतला 'रूखा' जवळ येतो, पण रूखा म्हणजे नुसता कोरडा. त्यात ही टोच नाही.

एक कळकळीची विनंती. अबोल माणसाला हा शब्द लावू नका. होळकरांच्या काळात इथे आलेल्या घरांतली आजची मुलं मराठी समजतात, पण बोलायला बिचकतात. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे 'माझी पुस्तक' असं तोंडून जातं आणि लोक हसतात. माझा मुलगा पुण्याच्या एका लग्नात दिवसभर 'हो', 'नाही', 'बरं' एवढंच बोलला. नात्यातल्या एक आजी मला म्हणाल्या, "तुसडा आहे गं तुझा मुलगा." मला फार लागलं ते. रात्री निघताना त्यांची पिशवी उचलून, जिन्यात हात धरून, रिक्षात बसवून तोच आला. तेव्हाही बोलला फक्त "सावकाश."