पावसाळी आंबोली: प्रश्न वाचकांचे, उत्तरं जाणकारांची

पावसाची चाहूल लागली की आंबोलीबद्दल विचारणारी पत्रं सुरू होतात. पूर्वी त्यांत धबधबा आणि हॉटेलं असायची. आता बेडूक, साप आणि रात्रीच्या भटकंतीबद्दल विचारणा होते, याचा आनंद आहे. सिंधुदुर्गातलं हे सदाहरित रान आपल्या राज्यातल्या सर्वांत ओल्या रानांपैकी एक आहे. तिथलं बरंचसं जगणं बोटभर पाण्यात, एखाद्या फांदीवर किंवा दरडीतल्या बिळात चालतं. म्हणून आपण पाय कुठे ठेवतो आणि उजेड कुणावर टाकतो, याला तिथे फार महत्त्व आहे. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न (पुणे): आम्ही मित्रमंडळी बेडूक-साप पाहायला जाणार आहोत. कोणता महिना चांगला? दोन रात्रींत काय काय दिसेल?

आंबोली टोड पाहायचा असेल तर जूनमधले पहिले जोरदार पाऊस गाठायला हवेत. २००९ साली शास्त्रीय नाव मिळालेला हा छोटासा पट्टेरी भेक आंबोलीच्या परिसरातूनच माहीत आहे. पहिल्या सरी पडल्या की नर सड्यावरच्या, म्हणजे माथ्यावरच्या सपाट उघड्या खडकावरच्या, डबक्यांभोवती गोळा होऊन ओरडू लागतात. थोड्याच रात्रींत सगळा कारभार उरकतो आणि मग शोधूनही ते सहसा सापडत नाहीत. मलबारी उडता बेडूक मात्र पुढे बराच काळ भेटत राहतो आणि मलबारी चापडा हा विषारी साप पावसाळाभर दिसू शकतो. जुलैत पाऊस इतका झोडपतो आणि धुकं इतकं उतरतं की टॉर्चचा झोत दोन हातांवर अडतो. इथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला मोठा वाटा याच दिवसांत येतो. कॅमेरा घेऊन येणाऱ्यांना सप्टेंबर सोयीचा. शनिवार-रविवारी धबधब्याच्या गर्दीने घाट तुंबतो, तेव्हा आठवड्याच्या मधले वार निवडा.

दोन-तीन तासांत एक किलोमीटर चाललात तरी पुष्कळ. जनावरं गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीवर, पानांवर आणि काटक्यांवर निश्चल बसलेली असतात. भराभर चालणाऱ्याला ती दिसतच नाहीत. टॉर्च कमरेजवळ न धरता डोळ्यांच्या रेषेत धरा, म्हणजे बेडकांचे आणि कोळ्यांचे डोळे चमकून परत दिसतात. सापाचे डोळे तसे चमकत नाहीत. तिथे आकार ओळखावा लागतो. हरणटोळ रात्री फांदीच्या टोकाशी वेटोळं घालून झोपलेला असतो आणि उजेडात पानांपेक्षा फिकट दिसतो. एकदा ओळखता आला की पुढचा पटकन सापडतो.

वनखात्याच्या हद्दीत रात्री विनापरवानगी जाता येत नाही. गावातले रस्ते, बागांच्या कडा आणि ओढ्यांवरचे साकव एवढ्यातच दोन रात्री भरपूर पाहून होतं.

प्रश्न (बेळगाव): सड्यावर गाडी नेता येते असं ऐकलं. सकाळी धुक्यात तिथे फोटो फार छान येतात. काही हरकत?

हरकत आहे, आणि मोठी आहे. कृपया नेऊ नका.

सडा वरून उघडाबोडका खडक वाटतो. पावसाळ्यात त्याच्या प्रत्येक खळग्यात पाणी साचतं. आंबोली टोडची पिल्लं अशाच उथळ पाण्यात वाढतात, काही ठिकाणी त्या पाण्याची खोली बोटाच्या पेरापेक्षा जास्त नसते. खाली वाकून एखाद्या खळग्यात मिनिटभर पाहा: आधी नुसता दगड दिसतो, मग दगडाच्या रंगाचे ठिपके हलायला लागतात. पाऊस चार-पाच दिवस उघडला तर डबकं आटून ती मरतात, हा धोका त्यांना आधीपासूनच आहे. त्यात टायर गेला की खळग्याची कड तुटते, पाणी वाहून जातं आणि चाकाची माती उरलेल्या पाण्यात बसते. इंजिनाचं थेंबभर तेलही इतक्याशा पाण्याला फार होतं.

गाडी डांबरी रस्त्याच्या कडेला सोडा. सड्यावर एकामागोमाग एक चाला आणि पाय कोरड्या, उघड्या खडकावर टाका. खळग्यांत आणि शेवाळ-गवताच्या गाद्यांवर पाय नको. बूट धुवायला डबकं वापरू नका. इतकं पाळलंत तर धुक्यातले फोटो जरूर काढा.

रस्त्याचंही इथेच सांगतो. पहिल्या पावसाच्या रात्री बेडूक आणि भेक डांबरावर येऊन बसतात आणि चाकांखाली मोठ्या संख्येने मरतात. संध्याकाळी सातनंतर आंबोली परिसरात गाडी ताशी वीसच्या वर नेऊ नका, आणि शक्यतो उजेड असतानाच मुक्कामी पोहोचा. वाटेत बेडूक दिसला तर मागच्या गाड्यांकडे लक्ष देऊन थांबा. तो ज्या दिशेला तोंड करून बसला असेल त्याच बाजूला मोठ्या पानाने हळूच सरकवा. उलट दिशेला ठेवलात तर तो पुन्हा रस्त्यावर येतो.

प्रश्न (ठाणे): जळवांची भीती वाटते. बुटांना मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावावं का?

लावू नका. पहिल्याच ओढ्यात ते धुऊन जातं, म्हणजे तुमचा उपाय संपतो आणि पाण्यातल्या बेडकांचा त्रास सुरू होतो. बेडूक कातडीतून पाणी आणि हवा दोन्ही घेतो, त्यामुळे मीठ, तंबाखू, डेटॉल, डास पळवणारं मलम हे सगळं त्याच्या अंगात सरळ उतरतं. याच कारणाने मलम लावलेल्या हाताने बेडकाला शिवू नये. खरं तर कोणत्याच हाताने शिवू नये.

घट्ट विणीच्या जाड सुती कापडाचे, गुडघ्यापर्यंत येणारे जळूमोजे मिळतात. पँट त्यांच्या आत खोचा आणि वर नाडी बांधा. जळू चढत राहते, पण कापडातून चावू शकत नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी एकमेकांचे पाय तपासा. चावलीच तर ओढू नका, जाळू नका, मीठही टाकू नका. घाबरलेली जळू पोटातलं परत जखमेत ओकते आणि जखम चिघळू शकते. तिचं तोंडाचं टोक निमुळतं असतं. नख कातडीला चिकटवून ते टोक आडवं सरकवा, मग दुसरं टोक सोडवा आणि टिचकीने उडवा. रक्त बराच वेळ झिरपत राहील, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. साबणाने धुवा, कापसाचा बोळा दाबून पट्टी बांधा.

प्रश्न (कोल्हापूर): मलबारी चापडा एकाच झुडपावर दिवसच्या दिवस दिसतो म्हणतात. मग जवळ जाऊन फोटो घ्यायला काय धोका?

तो दिवसच्या दिवस एकाच जागी असतो, कारण ती त्याची शिकारीची जागा असते. बेडूक, सरडा किंवा उंदीर जवळून जाईपर्यंत तो वाट पाहतो. हिरवा, पिवळा, तपकिरी, नारिंगी अशा बऱ्याच रंगांत हा साप मिळतो, त्यामुळे फोटोवाल्यांची त्याच्यावर नजर असते. एका गटाने जागा दुसऱ्याला सांगितली की आठवडाभर रोज रात्री त्याच्या तोंडावर उजेड पडतो. मग साप जागा सोडतो आणि नवी जागा मिळेपर्यंत उपाशी राहतो.

निदान दोन मीटर अंतर ठेवा. नव्वद किंवा शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स असेल तर तेवढ्यावरून चांगलं चित्र येतं. फ्लॅशवर पांढरं कापड किंवा डिफ्यूझर लावा आणि चार-पाच फोटोंत थांबा. एका वेळी एकानेच फोटो घ्यावेत, बाकीच्यांनी टॉर्च खाली करावेत. सापाने मान मागे ओढून इंग्रजी एससारखी केली, शेपटीचं टोक थरथरवलं किंवा तो सरकू लागला, तर तुम्ही जवळ गेला आहात. लगेच मागे या. त्याच झुडपात, तुमच्या हाताशी दुसरा चापडा असू शकतो. म्हणून लेन्समध्ये डोळा घालण्याआधी हात, गुडघा आणि पाठीमागची फांदी टॉर्चने पाहून घ्या.

चांगल्या चौकटीसाठी काठीने साप दुसऱ्या फांदीवर ठेवणं हा प्रकार सर्रास चालतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. असा फोटो ओळखता येतो: साप मोकळ्या, धुतल्यासारख्या फांदीवर असतो, मागचं सगळं काळं असतं आणि अंग घट्ट आवळलेलं असतं. अशा फोटोंना दाद देणं बंद करा.

प्रश्न (नाशिक): आणि चापडा चावलाच तर?

चावलेला भाग हलवू नका, अंगठी, घड्याळ, पैंजण लगेच काढा, कारण सूज पटकन चढते. आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, रक्त चोखू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडी तयार असेल तर थेट सावंतवाडीच्या सरकारी रुग्णालयाकडे निघा. साप मारायला किंवा पकडायला जाऊ नका, सहज निघाला तर लांबून फोटो घ्या. आपल्याकडचं सर्पविषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं, चापड्याच्या नाही. त्यामुळे कोणता साप होता हे कळलं तर डॉक्टरांना उपचार ठरवायला मोठी मदत होते. कोकणात फुरसं भरपूर आहे, तेव्हा दगडाखाली हात घालू नका आणि चपला घालून रात्री फिरू नका.

प्रश्न (सावंतवाडी तालुका): आमचं न्याहारी-निवास आहे. सिमेंटच्या टाकीवरच्या फांदीला पांढऱ्या फेसाचे गोळे लागले आहेत. पाहुणे पाहायला येतात. ते काढून टाकावे का? पाण्यात डासही होतात.

अजिबात काढू नका. ही उडत्या बेडकाची घरटी आहेत. मादी अंडी घालताना चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते. बाहेरून फेस सुकून पापुद्रा येतो, आत ओल टिकते. साधारण आठवड्याने तो पातळ होतो आणि पिल्लं थेंबांसारखी खाली पाण्यात पडतात. म्हणून घरट्याखाली पाणी असणं ही सगळ्यात मोठी गरज. टाकी आत्ता उपसून धुतलीत, तर पिल्लं कोरड्या सिमेंटवर पडतील.

ती फांदी छाटू नका. टाकीत ब्लीचिंग पावडर टाकू नका. गप्पी मासे सोडू नका, ते डासांच्या अळ्यांबरोबर बेडकाची पिल्लंही खातात. घरात वापरायचं पाणी झाकणाच्या पिंपात ठेवा आणि ही एक टाकी बेडकांना सोडा. कडेला दगड किंवा तिरपी फळी लावा, नाहीतर पाय फुटलेली पिल्लं गुळगुळीत भिंतीवरून बाहेर येऊ शकत नाहीत आणि बुडतात. टाकीवरचा बल्ब रात्री बंद ठेवा. पाहुण्यांनी चार हातांवरून, हात न लावता पाहावं. तुमच्या अंगणात हे चाललंय ही भाग्याची गोष्ट आहे आणि पाहुण्यांना दाखवण्यासारखं याहून चांगलं काय असेल?

प्रश्न (मुंबई): तिबोटी खंड्याच्या घरट्यावर ‘खात्रीने फोटो’ म्हणून जाहिरात आली आहे. जावं का?

नाही. हा पक्षी पावसाबरोबर कोकणात येतो आणि ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बीळ खणतो. बीळ हातभर ते मीटरभर लांब असतं. अंडी उबायला सतरा दिवस आणि पिल्लं उडायला वीसेक दिवस लागतात. या काळात नर-मादी पाली, कोळी, खेकडे आणून भरवत असतात.

‘खात्रीचा फोटो’ मिळवण्यासाठी दरडीसमोरची झुडपं तोडतात, बिळासमोर हवी तशी काठी रोवतात आणि दहा-बारा हातांवर माणसं बसवतात. झुडपं गेली की बीळ साप, मुंगूस, घोरपड यांना उघडं पडतं. दरडीवर पाऊस सरळ आपटतो आणि माती ढासळते. पक्षी चोचीत पाल घेऊन शेजारच्या फांदीवर बसून राहतो, बिळात जायला धजत नाही. पाहणाऱ्यांना वाटतं, तो पोज देतोय. आत पिल्लं उपाशी असतात.

ओढ्याकाठी पायवाटेवरून जाताना खंड्या दिसला तर पाहा. चोचीत भक्ष्य घेऊन दोन-तीन मिनिटांहून जास्त एका जागी अडून बसला, तर जवळपास बीळ आहे आणि तुम्ही त्याच्या वाटेत आहात. तिथून निघा, ठिकाण कुणाला सांगू नका, फोटोवरची जागेची नोंदही काढून टाका. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणंही याच जातीचं. विणीच्या दिवसांत तो आवाज त्याला घुसखोर वाटतो आणि भरवायचा वेळ भांडण्यात जातो. कुठे झुडपं तोडून घरटं उघडं केलेलं दिसलं तर वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

प्रश्न (पणजी): चांगला वाटाड्या कसा ओळखावा?

फोनवर तीन गोष्टी विचारा. एका गटात किती माणसं? आठपेक्षा जास्त सांगितली तर दुसरा पाहा. साप हातात घेऊन दाखवता का? ‘हो’ आलं की फोन ठेवा. पाऊस फार झाला किंवा काहीच दिसलं नाही तर? ‘काहीतरी नक्की दाखवतो’ म्हणणाऱ्यावर दडपण असतं आणि ते दडपण शेवटी जनावरावर येतं. गावचाच माणूस घ्या आणि ठरलेले पैसे काही न दिसल्यासही पूर्ण द्या.

हिरण्यकेशीच्या कुंडावर नेलं तर तिथल्या माशांना पोळी-पुरी टाकू नका आणि पाण्यात साबण नेऊ नका. २०२० साली नव्याने नोंदलेला एक छोटा मासा तिथलाच आहे, आणि २०२१ मध्ये त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

प्रश्न (सातारा): आम्ही कोयनेतून थेट आंबोलीला जाणार आहोत. बूट बदलावेत का?

बदलता आले तर उत्तम, नाहीतर स्वच्छ करा. बेडकांच्या कातडीवर वाढणारी एक घातक बुरशी जगभर पसरली आहे आणि सह्याद्रीतही तिची नोंद झाली आहे. ओल्या मातीतून ती एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाऊ शकते. कोयनेतून निघण्याआधीच ब्रशने तळव्यातली सगळी माती काढा. नळाच्या पाण्याने धुवा, ते पाणी ओढ्यात जाऊ देऊ नका. मग सत्तर टक्के स्पिरिट फवारा आणि बूट आतून-बाहेरून खडखडीत वाळवा. वाळवणं सर्वांत महत्त्वाचं, कारण ही बुरशी पूर्ण कोरडेपणात टिकत नाही. पावसाळ्यात ऊन नसतं, म्हणून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दर दोन तासांनी बदला आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. जळूमोजे, गमबूट, ट्रायपॉडचे पाय आणि काठीचं टोक यांनाही हेच लागू.