बिल कुणाच्या नावावर? अमेरिकेतल्या सरकारी उपचारांबद्दल वाचकांचे प्रश्न

२०२५ च्या १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस अमेरिकेचं केंद्र सरकार अर्धवट बंद होतं. भांडण होतं आरोग्य विम्याच्या अनुदानाचं. कोल्हापुरात अमेरिकेला पोरं पाठवलेली घरं काही कमी नाहीत, त्यामुळे या विषयावरची पत्रं तेव्हापासून थांबलेली नाहीत. त्यांतली काही इथे घेतली आहेत.

प्रश्न : लेक-जावई ओहायोत असतात. जावई म्हणतात, सरकारी उपचार म्हणजे समाजवाद. त्यांच्या शेजारचे आजोबा त्याच रिपब्लिकन विचारांचे, पण मेडिकेअरला कुणी हात लावला तर खवळतात. मग या कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे उजव्या विचारांच्या, मंडळींचा विरोध नेमका कशाला? (निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी)

उत्तर : तीन वेगळ्या योजना एकाच पिशवीत घातल्या की हा गोंधळ होतो. मेडिकेअर ही प्रामुख्याने ६५ वर्षांवरच्यांची. तिच्यासाठी पगारावर २.९ टक्के कर बसतो, निम्मा नोकराचा आणि निम्मा मालकाचा. दहा वर्षं कर भरलेल्याला दवाखान्याचा विमा हप्त्याशिवाय मिळतो, म्हणून आजोबांना ते स्वतःचेच पैसे वाटतात. (डॉक्टरांच्या फीचा मोठा भाग सर्वसाधारण तिजोरीतूनच जातो, पण हे आजोबांना पटवायला जाऊ नका.) मेडिकेड गरिबांची, तिचा खर्च केंद्र आणि राज्य वाटून घेतात. या दोन्हींवर अध्यक्ष जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ ला सही केली. तिसरी ओबामाकेअर, २३ मार्च २०१० ची. तिच्यात सरकार मेडिकेडचा विस्तार करतं आणि बाकीच्यांतल्या पात्र लोकांना खासगी विम्याच्या हप्त्यासाठी अनुदान देतं.

जावयांचं वाक्य जुनं आहे. रोनाल्ड रेगन यांनी १९६१ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेसाठी ग्रामोफोन रेकॉर्डच काढली होती : सरकारी औषधोपचार म्हणजे समाजवादाचा चोरपावलांनी प्रवेश. पण तेच रेगन अध्यक्ष असताना १९८६ मध्ये असा कायदा झाला की तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला, पैसे असोत वा नसोत, तपासून स्थिर केल्याशिवाय परत पाठवायचं नाही. मेडिकेअरमध्ये औषधांचा खर्च घातला तो २००३ मध्ये, धाकट्या बुश यांनी. म्हणजे मुद्दा ‘सरकारनं एक पैसाही देऊ नये’ असा सरसकट नाही.

खरा आक्षेप दोन गोष्टींना असतो. एक म्हणजे रक्कम न लिहिलेला चेक. पात्र माणूस आला की खर्च करायचाच, वर्षाला मर्यादा नाही. दुसरी गोष्ट अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रिडमन सांगत : दुसऱ्याचे पैसे तिसऱ्यासाठी खर्च करताना ना किमतीची काळजी असते, ना दर्जाची. सक्तीला विरोध हे नंतरचं प्रकरण. ‘प्रत्येकानं विमा घेतलाच पाहिजे’ ही कल्पना १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या कॉन्झर्व्हेटिव्ह संस्थेतूनच आली होती आणि २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी ती राबवली. ओबामांनी ती उचलली तशी ती पक्षाला कडू झाली. २०१७ च्या करकायद्यानं तिचा दंड २०१९ पासून शून्यावर आणला. मूळ कायदा मोडीत काढायचा प्रयत्न मात्र २८ जुलै २०१७ च्या मध्यरात्रीनंतर ४९ विरुद्ध ५१ असा पडला. रिपब्लिकन जॉन मॅकेन यांनी सिनेटमध्ये अंगठा खाली केला, तोच हा प्रसंग.

प्रश्न : ‘फेडरल खर्च कमी करा’ म्हणणारे सत्तेत आले तरी कर्ज वाढतंच. असं का? (राज्यशास्त्राचा विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ)

उत्तर : शंभर रुपये धरून हिशेब मांडा. तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. २०२४ च्या वर्षात केंद्राचा खर्च साधारण पावणेसात लाख कोटी डॉलर होता. त्याचे शंभर रुपये केले तर सोशल सिक्युरिटी, म्हणजे म्हातारपणाचं पेन्शन, सुमारे २२ रुपये, मेडिकेअर १३, मेडिकेड ९, कर्जावरचं व्याज १३, संरक्षण साधारण तेवढंच. झाले सत्तर. उरलेल्या तीस रुपयांत माजी सैनिक, अन्नकुपनं, रस्ते, शाळा, न्यायालयं, अंतराळ संशोधन, सगळं आलं. आणि त्या शंभरांतले २७ उसने होते.

आता प्रचारसभेत ‘पेन्शनला हात लावणार नाही, मेडिकेअरला नाही, सैन्याला नाही’ असं सांगितल्यावर व्याज तर देणं भागच आहे. मग उरलेला सगळा संसार बंद केला तरी तोंडमिळवणी जेमतेम होते. पेन्शन आणि मेडिकेअरवर दरवर्षी मतदानही होत नाही. कायदा बदलला नाही तर पैसे आपोआप जातात. सरकार ‘बंद’ असतानाही मेडिकेअर चालू राहते ती यामुळेच.

रिपब्लिकनांचा स्वतःचा हिशेबही इथे कच्चा पडतो. ४ जुलै २०२५ च्या मोठ्या कायद्यात त्यांनी मेडिकेडला जबर कात्री लावली, पण करकपात त्याहून मोठी केली. संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाच्या मते त्या कायद्यानं दहा वर्षांत तूट ३.४ लाख कोटी डॉलरनं वाढेल, आणि २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी लोक विम्याबाहेर जातील. त्यांच्यातले कट्टर काटकसरवाले यावर कुरकुरतात, पण मतदानाला बहुतेक हात वर करतात.

प्रश्न : मेडिकेडमध्ये केंद्र-राज्य वाटणी कशी चालते? ‘ठोक रक्कम देऊन मोकळं व्हा’ ही मागणी काय आहे? (हिशेबनीस, इचलकरंजी)

उत्तर : तुमच्यासारख्यानंच विचारावा असा प्रश्न, म्हणून जरा तपशिलात जाऊ. राज्याचं दरडोई उत्पन्न पाहून केंद्राचा वाटा ठरतो. श्रीमंत राज्याला किमान ५० टक्के, मिसिसिपीसारख्या गरीब राज्याला ७७ च्या आसपास. ओबामाकेअरनं गरिबीरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंतच्या प्रौढांना आत घेतलं, त्यांच्यासाठी ९०. (२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला, दहा राज्यांनी तो अजून घेतलेला नाही.)

आता राज्याच्या अर्थमंत्र्याच्या खुर्चीत बसा. ५० टक्के वाटा असेल तर स्वतःचे ५० रुपये वाचवायला १०० रुपयांचे उपचार तोडावे लागतात. ९० टक्के असेल तर १० रुपयांच्या बचतीसाठी १०० रुपयांचे उपचार. कोण तोडेल? वाढवायला मात्र फारच स्वस्त. कॉन्झर्व्हेटिव्ह आणखी एक गोष्ट दाखवतात आणि तिला उत्तर देणं अवघड आहे : श्रीमंत राज्यातल्या दिव्यांग माणसासाठी केंद्र ५० देतं आणि धडधाकट प्रौढासाठी ९०.

याच्यापुढे राज्यांची एक क्लृप्ती आहे. राज्य दवाखान्यावर १० रुपये कर बसवतं आणि त्याच दवाखान्याला मेडिकेडच्या वाढीव दरातून २० रुपये परत देतं. त्या वीसांतले १० केंद्र भरतं. राज्याचा खर्च शून्य, दवाखान्याला निव्वळ १० चा फायदा आणि बिल वॉशिंग्टनच्या नावावर. दोन्ही पक्षांची राज्यं हे वर्षानुवर्षं करत आली आहेत. दवाखान्याच्या महसुलाच्या ६ टक्क्यांपर्यंत असा कर चालत होता. २०२५ च्या कायद्यानं विस्तार घेतलेल्या राज्यांत ही मर्यादा २०२८ पासून दरवर्षी अर्धा टक्का उतरत २०३२ मध्ये ३.५ वर येईल. गाळात जाणार ती प्रामुख्यानं खेड्यांतली छोटी रुग्णालयं, कारण त्यांचा ताळेबंद याच पैशावर उभा आहे.

ठोक अनुदानाची मागणी इथून निघते : राज्याला ठरलेली रक्कम द्या, वाचवलं तर त्याचं, उधळलं तर त्याचं. तर्क सरळ आहे, अनुभव बरा नाही. गरीब कुटुंबांच्या रोख मदतीची योजना १९९६ मध्ये अशीच ठोक केली, वर्षाला साडेसोळा अब्ज डॉलर. तो आकडा महागाईप्रमाणे कधी वाढवलाच नाही. आज त्याची किंमत जवळपास निम्मी उरली आहे. शिवाय मंदीत रोजगार गेले की अर्जदार वाढतात, त्याच वेळी राज्याचा महसूल आटतो. माणशी ठरावीक रक्कम हा मधला मार्ग त्यातल्या त्यात बरा, कारण माणसं वाढली तर पैसे वाढतात. पण महागाईचा दर कुठला लावायचा हे ज्याच्या हातात, त्याच्याच हातात खरी कात्री राहते.

प्रश्न : धडधाकट माणसानं महिन्याला ८० तास काम केलं तरच मेडिकेड, यात गैर काय? (कागल)

उत्तर : तत्त्व बहुतेकांना पटतं, अडतं ते कागदात. २०२५ च्या त्याच कायद्यानुसार ही अट २०२७ च्या जानेवारीपर्यंत सगळ्या विस्तारित राज्यांत लागायची आहे. आर्कान्सॉनं २०१८ मध्ये ती लावून पाहिली, तेव्हा काही महिन्यांत १८ हजारांवर लोकांचा विमा गेला. त्यांतले बहुतेक काम करतच होते किंवा त्यांना सूट लागू होती. तास दर महिन्याला वेबसाइटवर नोंदवायचे आणि ती वेबसाइट रात्री ९ ते सकाळी ७ बंद! दिवसपाळी करून आलेल्या माणसानं नोंदवायचं कधी? मार्च २०१९ मध्ये न्यायालयानं ते थांबवलं. रेशनकार्डाच्या ई-केवायसीला बोटाचे ठसे न उमटणाऱ्या म्हाताऱ्यांची रांग ज्यानं पाहिली आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

प्रश्न : फुकट दिलं की लोक उगाच दवाखान्यात जातात, हे खरं का? (डॉक्टर, गडहिंग्लज)

उत्तर : अर्धं खरं. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेनं १९७४ ते १९८२ या काळात दोन हजारांवर कुटुंबांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे वेगवेगळे विमे वाटून दिले. कुणाला सगळं फुकट, कुणाला २५, ५० किंवा ९५ टक्के खिशातून, वर वार्षिक कमाल मर्यादा. ९५ टक्के खिशातून देणाऱ्यांचा खर्च फुकटवाल्यांपेक्षा जवळपास ३० टक्के कमी झाला आणि सरासरी तब्येतीत फारसा फरक दिसला नाही. कॉन्झर्व्हेटिव्ह इथपर्यंत सांगतात. पुढचं असं की पैसे द्यावे लागणाऱ्यांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यकही तेवढेच टाळले, आणि गरीब रक्तदाबवाल्यांना त्याचा फटका बसला.

प्रश्न : आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना या कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींना आवडेल का? (शाहूपुरी)

उत्तर : खासगी दवाखाना चालतो, प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर आधीच ठरलेला, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांची मर्यादा, हे आवडेल. पांढऱ्या रेशनकार्डालाही योजना लागू, म्हणजे उत्पन्नाची अट गेली, हे नाही आवडणार. बंद दराचं दुखणं मात्र इथेही आहे. दर परवडला नाही की काही ठिकाणी ‘योजनेचा बेड शिल्लक नाही’ असं तोंडी सांगतात किंवा बाहेरून सामान आणायला लावतात. भरती होतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, गाठा, आधार आणि रेशनकार्ड द्या, पूर्वमंजुरी आली का विचारा. पैसे मागितले तर पावती मागा आणि तिथूनच योजनेच्या १५५३८८ या नंबरला फोन लावा. घरी येऊन केलेली तक्रार रेंगाळते.

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं सहा महिने जाणार. वय ६८ आणि ६४, यांना मधुमेह. तिथली सरकारी योजना लागू होईल का? (मंगळवार पेठ)

उत्तर : नाही. पर्यटक व्हिसावर मेडिकेअर नाही आणि मेडिकेडही नाही. लेकीनं वीस वर्षं कर भरला असला तरी तो तुमच्या खात्यावर धरत नाहीत. ग्रीन कार्ड घेऊन सलग पाच वर्षं राहिल्यावर ६५ च्या पुढचा माणूस मेडिकेअर विकत घेऊ शकतो. २०२५ मध्ये त्याचा हप्ता दवाखान्याचा ५१८ आणि डॉक्टरांचा १८५, म्हणजे माणशी महिन्याला ७०३ डॉलर होता.

तेव्हा प्रवासी विमा घ्या, विमानात बसायच्या तारखेपासूनचा. ‘ठरावीक रक्कम’ प्रकारचा स्वस्त मिळतो, पण आयसीयूच्या दिवसाला ठरलेले डॉलर दिले की त्याचं काम संपलं, उरलेलं बिल तुमचं. ‘सर्वसमावेशक’ घ्या. त्यात डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम, किती ते पाहा आणि मधुमेहाचं कलम शब्दन्‌शब्द वाचा. जुना आजार अचानक उसळला तर ठरावीक मर्यादेपर्यंतच देतात, तेही २४ तासांत उपचार घेतले तर, अशी अट असू शकते. नेहमीच्या तपासण्या आणि गोळ्या त्यात धरत नाहीत. गोळ्या मुक्कामाला पुरतील इतक्या मूळ वेष्टनात न्या, चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. १९८६ च्या कायद्यानं तातडीच्या विभागात हाकलणार नाहीत, पण बिल घरी येतं.

लेकीचं बाळंतपण तिच्या नोकरीच्या विम्यावर होईल. बाळ मात्र त्यात आपोआप कायमचं येत नाही. जन्मापासून ३० दिवसांत कंपनीकडे अर्ज करून त्याला जोडून घ्यावं लागतं, मग विमा जन्मतारखेपासून धरतात. मुदत चुकली तर पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावं लागू शकतं. बारसं सव्वा महिन्यानं केलं तरी चालेल, हा अर्ज त्याच्या आधी गेला पाहिजे.